भागूबाईची नोकरी

तिचं खरं नाव फक्त प्रमाणपत्रांवर होतं. घरात, गल्लीत, नात्यात सगळे तिला भागू म्हणत. लहानपणी ती कशालाही घाबरायची, आणि एकदा थोरल्या भावाने चारचौघांत 'भित्री भागूबाई' म्हणून टाळ्या पिटल्या. ते नाव चिकटलं ते चिकटलंच. कुकरची शिट्टी व्हायच्या आधीच ती कान झाकून बसायची. दाराची बेल वाजली की आधी आतल्या खोलीत पळायची आणि मग तिथून विचारायची, "कोण आलंय?" झोपण्यापूर्वी शेगडीचं बटण बंद आहे ना ते बघायची. आईने बघितलेलं असलं तरी पुन्हा जाऊन बघायची.

आई शाळेत मुख्याध्यापिका होती. मैदानावर रेंगाळणारी पोरं तिच्या नुसत्या खाकरण्याने वर्गात परतायची. वडील लवकर गेले, तेव्हापासून घर आणि शाळा दोन्ही तिने एकाच आवाजात चालवली. पदवी झाल्यावर पुढे काय, हा प्रश्न भागूला पडलाच नाही, कारण तो आईने आधीच सोडवून ठेवला होता. "शिक्षणशास्त्र कर. मास्तरकीसारखी सुरक्षित नोकरी नाही," ती म्हणाली. सुरक्षित हा शब्द ऐकला आणि भागूने मान डोलावली.

लेखी परीक्षांत ती पहिली आली. मुलं कशी शिकतात, का विसरतात, प्रश्न कसा विचारावा, सगळं तिला तोंडपाठ होतं. मग सरावपाठाचा दिवस आला. नववीचा वर्ग, विषय बाष्पीभवन. मागच्या बाकावर तिचे प्राध्यापक वही उघडून बसलेले. भागू वर्गात शिरली, मुलं उभी राहिली, बसली, आणि तीस-चाळीस जोडी डोळे तिच्यावर खिळले. तिने तोंड उघडलं. आवाज आला नाही. ती गर्रकन फळ्याकडे वळली आणि मोठ्या अक्षरांत 'बाष्पीभवन' असं लिहिलं. पुन्हा मुलांकडे वळायची हिंमत होईना. मग तिने व्याख्या लिहिली. आकृती काढली. सूर्य काढला, समुद्र काढला, बाण काढले. फळा भरला. तास संपेपर्यंत ती वर्गाकडे पाठ करून उभी होती, आणि मुलं इतकी गपगार बसली होती की बाहेरच्या शिपायाला वाटलं, वर्ग रिकामाच आहे.

नंतर प्राध्यापकांनी तिला आपल्या खोलीत बोलावलं. तिचे डोळे रडून सुजलेले.

"चित्रं छान काढतेस," ते म्हणाले. "समुद्र तर अगदी ओला वाटत होता."

भागूला हसावं की रडावं कळेना.

"हे बघ, वर्गात उभं राहणं म्हणजेच शिक्षण, असं कुणी सांगितलं तुला? पुस्तकं कोण लिहितं? परीक्षांचे प्रश्न कोण काढतं? संग्रहालयात, दवाखान्यात, कारखान्यात, जिथे जिथे माणसाला काही नवीन समजून घ्यावं लागतं तिथे समजावणारा लागतोच. ही पदवी घेतलेली माझी एक विद्यार्थिनी लहान मुलांना बोलायला शिकवते, जी मुलं बोलत नाहीत त्यांना. एक जण तुरुंगात शिकवतो. तू घाबरू नकोस. म्हणजे घाबर, पण घरी बसू नकोस."

त्यांनी तिला कसंबसं पास केलं. तुरुंगाचं नाव ऐकून भागूला दोन दिवस जेवण गेलं नाही, पण पुस्तकांचं तिने मनावर घेतलं. एका प्रकाशकाकडे ती लागली आणि शाळेच्या सरावपुस्तिका लिहू लागली. रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा, चूक की बरोबर. खिडकीजवळ टेबल, समोर भिंत, आणि बघणारं कुणी नाही. ते तिच्या आयुष्यातले सगळ्यात निवांत दिवस. आई मात्र पाहुण्यांना सांगताना "ती शिक्षणक्षेत्रात आहे" एवढंच म्हणायची आणि लगेच चहाचं विचारायची.

काही वर्षांनी प्रकाशकाने गाशा गुंडाळला. भागू घरी बसली. तेव्हा आईनेच पेपरातली जाहिरात दाखवली: भाज्या गोठवून पाकिटबंद करणाऱ्या कारखान्यात प्रशिक्षणासाठी माणूस हवा, शिक्षणशास्त्राची पदवी असल्यास उत्तम. भागूला वाटलं, बसून माहितीपुस्तिका लिहायच्या असतील. मुलाखतीत व्यवस्थापक साहेबही तसंच काहीतरी बोलले. ती रुजू झाली.

कारखाना गावाबाहेर होता. लांबलचक पत्र्याची इमारत. आत एका बाजूला पॅकिंगचा हॉल, तिथे सरकत्या पट्ट्यावरून मटार आणि मक्याचे दाणे वाहत यायचे आणि दोन्ही बाजूंना बायका उभ्या राहून ते निवडायच्या. अंगात जाड जाकिटं, पायात गमबूट, केसांवर जाळीच्या टोप्या. हॉलच्या पलीकडे शीतखोल्या, आणि त्याला लागून यंत्रघर. तिथले कॉम्प्रेसर दिवसरात्र घोंघावत असायचे.

पहिल्याच आठवड्यात यंत्रघराच्या ऑपरेटरने तिला सगळं फिरवून दाखवलं. तो बोलका माणूस होता, आपल्या पाइपांविषयी लेकीबाळींविषयी बोलावं तसं बोलायचा.

"हा सगळा खेळ अमोनियाचा, मॅडम. हा वायू पाइपातून फिरतो म्हणून तुमचा मटार गोठतो."

"आणि पाइप फुटला तर?"

"फुटत नाही सहसा."

"पण फुटला तर?"

"तर पळायचं. आधी डोळे जातात, मग श्वास. अमोनियाला पाणी लागतं ना, म्हणून माणसाच्या अंगात जिथे ओल असेल तिथे तो घुसतो."

एका झडपेपाशी त्याने तिला किंचित वास दिला. एवढासाच. भागूच्या नाकात सुई खुपसल्यासारखं झालं आणि डोळ्यांना धार लागली.

त्या दिवसापासून तिने दुसरा कसलाच विचार केला नाही. इतर कारखान्यांतल्या गळतीच्या बातम्या ती शोधून शोधून वाचायची आणि वाचल्याचा पश्चात्ताप करायची. हॉलमध्ये गेली की नजर छतावरच्या पाइपाकडे जायची. मटाराच्या पट्ट्याबरोबर तो पाइप हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला होता, आणि बायका त्याच्याखाली उभ्या राहून सुना-जावांच्या गप्पा मारत होत्या. यांना कुणी सांगितलंय का? तिने विचारलं तेव्हा व्यवस्थापक साहेब म्हणाले, "तेच तर तुमचं काम. सोमवारपासून कॅन्टीनमध्ये तास घ्या."

भागूचं धाबं दणाणलं. नोकरी सोडून द्यावी असं तिने घरी जाताना ठरवलं, आणि घरी पोहोचेपर्यंत तिला त्या बायकाच दिसत राहिल्या, पाइपाखाली हसणाऱ्या.

सोमवारी कॅन्टीन भरलं. भागू समोर उभी राहिली आणि आवाज फुटेना. पुन्हा तेच. कुणीतरी खुदकन हसलं. तिथे फळाही नव्हता.

पॅकिंगच्या बायकांची म्होरकी होती मावशी. वय पन्नाशीच्या आसपास, अंगाने आडवी, आणि तोंड असं की साहेबसुद्धा तिला टाळून दुसऱ्या दाराने जायचे. सगळा हॉल तिला मावशी म्हणायचा. ती पहिल्या रांगेतून म्हणाली, "बोला ना मॅडम. आम्ही काही खात नाही माणसांना. आज डबे आणलेत."

सगळ्या हसल्या. भागूने बोलायचा पुन्हा प्रयत्न केला आणि पुन्हा फसला. मग काय करावं सुचेना म्हणून तिने पुढे होऊन मावशीचा हात धरला आणि चालायला लागली. "अगं बाई, नेताय कुठे?" म्हणत मावशी निघाली, तिच्यामागे बाकीच्या. भागूने त्यांना हॉलमध्ये नेलं. हॉलला दोन दारं होती. पुढचं मोठं, रोजच्या वापरातलं, पण ते यंत्रघराच्या अंगाला. मागचं लहान, गोदामाच्या बोळात उघडणारं, ज्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नसे. भागूने सगळ्यांना खुणेनेच एकमेकींच्या खांद्यावर हात ठेवायला लावलं, डोळे मिटायला लावलं, तोंडावर ओला रुमाल धरायला लावला आणि पट्ट्याच्या कडेचा लोखंडी दांडा चाचपत मागच्या दाराने बाहेर काढलं. बाहेर खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी फडफडत होती. तिच्याकडे बोट करून तिने पहिलं वाक्य उच्चारलं.

"वारा जिकडे जातोय तिकडे पळायचं नाही. त्याला आडवं जायचं."

खुल्या हवेत, सगळ्यांच्या पाठी तिच्याकडे आणि नजरा त्या नळीकडे असताना तिला बोलता आलं.

"आगगाडी झाली हो आपली!" मावशी ओरडली. तेव्हापासून त्या सरावाला सगळा कारखाना आगगाडी म्हणू लागला. दर शनिवारी आगगाडी निघायची. बायका एकमेकींना गुदगुल्या करायच्या, शिट्ट्या वाजवायच्या. भागूला त्यांच्या हसण्याचा राग यायचा नाही. हसत का होईना, पाय दाराची वाट शिकताहेत एवढंच ती बघायची. मनातून मात्र ती दर वेळी खरोखरच गळती झालीय असं समजून चालायची आणि बाहेर आली की तिचे तळवे ओले असायचे.

मग मटाराचा हंगाम आला. ट्रकांमागून ट्रक लागले. साहेबांनी शनिवारचा सराव बंद केला. "हंगाम संपू दे मॅडम, मग काढा तुमच्या गाड्या." नव्या बायका भरती झाल्या आणि थेट पट्ट्यावर उभ्या राहिल्या. आणि एक दिवस भागूने बघितलं, मागच्या दारासमोर क्रेटची भिंत उभी होती. प्लॅस्टिकचे रिकामे क्रेट, एकावर एक, छताला टेकतील इतके. दार दिसतसुद्धा नव्हतं.

ती तशीच साहेबांच्या केबिनकडे निघाली. काचेतून ते फोनवर कुणावर तरी ओरडताना दिसले आणि ती पाणी प्यायला आल्यासारखं करून परतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली, पुन्हा परतली. असे किती दिवस गेले ते तिने पुढे कधी नेमकं सांगितलं नाही. तिला छतावरच्या पाइपाची भीती वाटत होती, आणि काचेपलीकडच्या माणसाचीही. रोज सकाळी दोन्ही भीती तोलल्या जायच्या आणि काचेपलीकडची जड भरायची.

शेवटी गेली तेव्हा साहेबांनी मान वर न करता ऐकलं.

"क्रेट ठेवू कुठे? माझ्या डोक्यावर?"

"बाहेर, शेडमध्ये..."

"शेड भरलीय. दहा-पंधरा दिवसांचा प्रश्न आहे. तुम्ही शिकवण्याचं बघा, माल मी बघतो."

घरी येऊन तिने आईला सांगितलं. आई भाजी निवडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मग तू काय म्हणालीस?"

"काही नाही. बरं म्हणाले."

आईने आणखी दोन काड्या निवडल्या. मग म्हणाली, "मी इतकी वर्षं शाळा चालवली. शिक्षणाधिकारी यायचे त्या दिवशी सकाळी मी उलटी करून जायचे. तुम्हा मुलांना वाटायचं, पित्त आहे."

भागू बघतच राहिली. "तू? घाबरायचीस?"

"घाबरायचे म्हणजे! पाय लटपटायचे. साडी नेसते म्हणून दिसायचं नाही कुणाला." आईने निवडलेली भाजी पाण्यात टाकली. "आता मला विचारू नकोस काय करू म्हणून. तुझं काम तुला कळतं."

भागूला या बोलण्याने धीर आला असं नाही. उलट, ही गोष्ट आयुष्यभर जात नाही हे कळून ती आणखीच धास्तावली. पण दुसऱ्या दिवशी कामाची पाळी सुरू व्हायच्या आधी ती हॉलमध्ये गेली आणि क्रेट उचलायला लागली. एकटीच. एक क्रेट उचलायचा, बोळात नेऊन ठेवायचा, परत यायचं. साहेबांशी बोलण्यापेक्षा हे सोपं होतं. थोड्या वेळाने मावशी आली. कमरेवर हात ठेवून तिने बघितलं.

"काय मॅडम, हमाली लागली का?"

"दार मोकळं करतेय."

मावशीने क्रेटच्या भिंतीकडे बघितलं, वर पाइपाकडे बघितलं, आणि पदर खोचला. मग आणखी दोघी-चौघी लागल्या. माणूस अंग तिरकं करून जाईल एवढी फट झाली, आणि मागून आवाज आला.

"काय चाललंय इथे? कुणी सांगितलं हे?"

साहेब होते. बायका थांबल्या. मावशीने तोंड उघडलं, पण त्याआधीच भागूच्या तोंडून शब्द बाहेर पडला.

"मी."

एवढंच. पुढचं वाक्य तिने मनात तयार केलं होतं, ते आलंच नाही. साहेब तिच्याकडे बघत राहिले. "बोळातून गाडी जाते. संध्याकाळपर्यंत सगळे जागच्या जागी लागले पाहिजेत. आणि तुम्ही पाळी सुटल्यावर मला भेटा."

पाळी सुटायचीच नव्हती त्या दिवशी.

जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. भागू पट्ट्याच्या मधोमध उभी राहून एका बाईला हातमोजे कसे घालायचे ते दाखवत होती. साहेबांना संध्याकाळी काय सांगायचं याची तिच्या डोक्यात जुळवाजुळव चालू होती. वर कुठेतरी, पुढच्या दाराच्या बाजूला, काहीतरी ठणकन वाजलं. मग शिट्टीसारखा आवाज, बारीक, न थांबणारा. भागूने वर बघितलं. पाइपाच्या जोडातून पांढरं काहीतरी फवारत होतं आणि ढगासारखं खाली उतरत होतं. पुढचं दार त्या ढगात दिसेनासं झालं. मग तो वास आला.

ओरडायचं होतं. हेच तर ती शिकवत होती, ज्याला आधी दिसेल त्याने ओरडायचं. तिने तोंड उघडलं आणि दातखीळ बसली. बायका किंचाळत पुढच्या दाराकडे धावायला लागल्या, सवयीने, थेट त्या ढगाकडे. भागूचे पाय जमिनीला खिळले. आपण आता मरणार, आणि या सगळ्या मरणार, आणि आपल्या तोंडातून साधा शब्द निघत नाहीये, हे तिला लख्ख कळत होतं.

समोरून मावशी खोकत आली. भागूने तिचा दंड धरला, इतका घट्ट की पुढे कितीतरी दिवस तिथे वळ होते. आणि मागच्या दाराकडे बोट केलं.

मावशीला कळलं. तिने छातीत होती नव्हती ती सगळी हवा गोळा केली.

"आगगाडी! ए, आगगाडी! मागे फिरा, मागे!"

जुन्या बायका जागच्या जागी वळल्या. त्यांनी विचार केला नाही, जे करायचं ते पायांनीच केलं. खांद्यावर हात पडले. कुणी ॲप्रन पाण्यात बुचकळून तोंडावर धरला, कुणी नव्या बाईला बखोटीला धरून ओढलं. दिवे गेले. भागू लोखंडी दांडा चाचपत फटीपाशी पोहोचली आणि तिथे क्रेटला पाठ लावून उभी राहिली. एकेकीला हाताने धरून, तिरकी करून, ती फटीतून पलीकडे ढकलत होती. डोळे उघडता येत नव्हते. कोण गेलं ते दिसत नव्हतं, नुसती जाकिटं हाताला लागत होती. वरच्या क्रेटचा ढीग हलत होता. प्रत्येक बाईबरोबर तिला वाटायचं, आता ही शेवटची, आता मी जाते. आणि पुढचं जाकीट हाताला लागायचं.

शेवटी हात रिकामा राहिला. ती बाहेर पडली, बोळातून वाऱ्याला आडवी धावली आणि कंपाउंडच्या भिंतीपाशी गुडघ्यांवर कोसळली. सगळ्याच तिथे असाव्यात असं वाटलं. ओकत होत्या, रडत होत्या, नळाखाली डोळे धरत होत्या. जिवात जीव येतोय तोच मावशी म्हणाली, "काट्यावरची कुठाय?"

वजनकाट्यावर एक नवी बाई लागली होती, हंगामातच आलेली. आगगाडी तिने एकदाही केली नव्हती. कुणीतरी म्हणालं, ती हात धुवायच्या खोलीत गेलेली दिसली होती.

मावशी वळली. भागूला आता आवाज फुटला, कसा कोण जाणे. "मावशी, नाही! आत जायचं नाही! अग्निशमनवाले येतायत. परत आत जायचं नाही, शिकवलंय ना मी!"

"शिकवलंय तुम्ही," मावशी म्हणाली, आणि ओला ॲप्रन तोंडाला गुंडाळून बोळात शिरली.

भागू उभी राहिली. दोन पावलं टाकली. बोळाच्या तोंडाशी पांढरं धुकं लोळत होतं. तिसरं पाऊल पडलं नाही.

अग्निशमनची गाडी आली तोवर ती तिथेच उभी होती. हवेच्या टाक्या पाठीवर घेऊन माणसं आत गेली आणि दोघींना घेऊन बाहेर आली. हात धुवायच्या खोलीत मावशीने दाराची फट कपड्यांनी बुजवली होती, सगळे नळ सोडले होते, आणि काट्यावरच्या बाईचं डोकं ओल्या ॲप्रनमध्ये गुंडाळून आपल्या मांडीत दाबून धरलं होतं. तिच्या स्वतःच्या तोंडावर काही नव्हतं. काट्यावरची बाई चार दिवसांत घरी गेली. मावशीचा एक डोळा गेला, आणि फुप्फुसं अशी झाली की जिना चढताना तिला मध्ये बसावं लागतं.

चौकशी झाली. भागूला बोलावणं आलं, लांब टेबलामागे पाच माणसं. तिने जे घडलं ते सांगितलं, अडखळत, मध्ये पाणी पीत. क्रेट कधी लागले ते सांगितलं. आपण ते बघूनही बरेच दिवस बोललो नाही, हेही सांगितलं. ते कुणी विचारलं नव्हतं. साहेबांची नोकरी गेली, कंपनीवर खटला झाला, मागच्या दारासमोर पिवळ्या रंगाचा चौकोन आखला गेला.

ती मावशीला भेटायला जायची तेव्हा बराच वेळ दारातच घुटमळायची. पहिल्या भेटीत ती रडलीच.

"मी आले नाही तुमच्या मागे. भीती वाटली मला."

"नियमच होता ना तसा?"

"नियम होता. पण नियम नसता तरी मी आले नसते, मावशी."

मावशीने तिच्याकडे एका डोळ्याने बघितलं. "तुम्ही आला असतात तर तुम्हालाही मलाच मांडीवर घ्यावं लागलं असतं. एवढी जागा नव्हती तिथे." मग दम लागला म्हणून थांबली. "रडू नका. चहा करा. दूध वरच्या फळीवर आहे."

याला आता बरीच वर्षं झाली. भागू त्या कारखान्यात राहिली नाही. तीन-चार कंपन्यांनी मिळून सुरू केलेल्या एका प्रशिक्षण संस्थेत ती आहे. ठिकठिकाणी जाऊन कामगारांना गळती, आग, धूर यांतून बाहेर कसं पडायचं ते शिकवते. जायच्या दिवशी सकाळी तिला काही खाता येत नाही. तिने पहिल्याच वर्षी हट्ट धरून मावशीला आपल्याबरोबर घेतलं. मावशी खुर्चीवर बसते, काळा चष्मा लावून, आणि भागूला शब्द फुटेनासा झाला की सुरुवात करून देते.

शेवटच्या तासाला मावशी आपली गोष्ट सांगते. डोळा कसा गेला, छाती कशी जळली. मग ठरल्याप्रमाणे म्हणते, "मी परत आत गेले ते चुकलं. तुम्ही जाऊ नका."

भागू बाजूला उभी असते. हे वाक्य तिनेच मावशीला म्हणायला लावलंय, कारण ते खरं आहे, आत परत गेलेली माणसं बहुतेक बाहेर येत नाहीत. तरी ते ऐकताना दर वेळी तिच्या अंगावर काटा येतो.

मागच्या महिन्यात एका बर्फाच्या कारखान्यात, मागच्या रांगेतल्या एका कामगाराने हात वर केला.

"मावशी, तुम्ही गेला नसतात तर त्या बाईचं काय झालं असतं?"

मावशीने भागूकडे तोंड वळवलं. सगळ्या खोलीने भागूकडे बघितलं. तिला उत्तर माहीत होतं, मावशीलाही माहीत होतं, आणि ते या खोलीत बोलून चालणार नव्हतं. ती तशीच उभी राहिली, वर्गाकडे तोंड करून.

"ती मेली असती," भागू म्हणाली. "आणि तरीही मी तुम्हाला हेच शिकवणार आहे. आत जाऊ नका."

त्या माणसाने हात खाली घेतला, पण नजर काढली नाही. भागूने ओले रुमाल वाटायला घेतले.